जेलन कार्टरची जोखीम कोणी घ्यायची?

४ सप्टेंबर २०२५ला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, मोसम सुरू झाला तो एका थुंकीने. किकऑफ झाला होता, पहिला डाव अजून कोणी खेळलंही नव्हतं, आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा जेलन कार्टर डॅलस काउबॉइजचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, डॅक प्रेस्कॉट याच्यावर थुंकला. पंचांनी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं. पुढे लीगने ५७,२२२ डॉलरचा दंडही ठोकला. आणि जुना वाद पुन्हा उकरून निघाला: या पोराला २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घ्यायला हवं होतं का? एक बाजू म्हणाली, बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो. दुसऱ्या बाजूने फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलकडे, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याकडे, बोट दाखवलं. कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा फडशा पाडणाऱ्या बचावफळीच्या मधोमध कोण उभा होता? मग वाद कसला?

दोन्ही युक्तिवाद एकाच जातीचे आहेत आणि दोन्ही कुचकामी आहेत. दोघेही निकाल हातात घेऊन मागे चालत जातात आणि निर्णयाला शहाणपणाचं किंवा मूर्खपणाचं प्रमाणपत्र देतात. सुपर बोलच्या त्या संध्याकाळी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा चेंडूसकट लोळवलं गेलं, म्हणून २०२३मधला निर्णय शहाणा ठरत नाही. प्रेस्कॉटच्या जर्सीवर थुंकी पडली म्हणून तो मूर्खही ठरत नाही. ड्राफ्टच्या रात्री जनरल मॅनेजरकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतात खेळाची चित्रफीत, पोलिसांचे कागद, डॉक्टरांचे अहवाल, मुलाखतीत पोराने दिलेली पढवलेली उत्तरं आणि निर्णयाला मोजकी मिनिटं. निर्णयाचा न्याय त्या कागदांवरच व्हायला हवा.

माझं मत आधीच सांगतो. २७ एप्रिल २०२३ला ईगल्सने कार्टरला घेतलं ते बरोबर होतं, आणि एकही सुपर बोल जिंकली नसती तरी बरोबरच राहिलं असतं. त्याच रात्री शिकागो बेअर्सने त्याला सोडलं, तेही बरोबर होतं. हे ऐकायला विसंगत वाटतं, कारण धोका हा खेळाडूच्या अंगात असतो, जणू त्याच्या उंची-वजनासारखा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो किती, हे खेळाडूबरोबरच त्याच्यासाठी मोजलेली किंमत आणि तो जिथे जाणार ते घर ठरवतं. वाद घालणारे बहुतेक जण पहिल्याच गोष्टीवर अडून बसतात आणि तिथेही निरनिराळ्या गोष्टींची खिचडी करतात.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. त्याचा ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. बोली लागत नाही. बत्तीस क्लब, सात फेऱ्या, आणि साधारणपणे आदल्या मोसमात जो तळाशी तो आधी निवडणार. कॉलेजातून येणाऱ्या पोराला क्लब निवडता येत नाही, आणि कितव्या क्रमांकावर गेला त्यावर त्याचे पैसे जवळजवळ ठरलेले असतात. खाली घसरणं म्हणजे सरळ कोट्यवधी डॉलर गमावणं. क्लबांना मात्र आपले क्रमांक एकमेकांना विकता येतात. ईगल्स आदल्याच मोसमात सुपर बोलपर्यंत पोहोचले होते, तरी त्यांच्या हाती दहावा क्रमांक होता, कारण न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून तो त्यांनी आधीच मिळवला होता. म्हणजे बलवान संघ आणि वरचा क्रमांक, असा दुर्मीळ योग. पुढच्या सगळ्या हिशेबात हे महत्त्वाचं आहे.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा, आणि तो पातळ करून सांगण्यात अर्थ नाही. ९ जानेवारी २०२३ला जॉर्जिया विद्यापीठाने, म्हणजे कार्टरच्या संघाने, टीसीयू या विद्यापीठाला ६५-७ असं चिरडून राष्ट्रीय विजेतेपद राखलं. १४ तारखेला विद्यापीठाच्या अथेन्स गावात मिरवणूक निघाली, आणि त्याच रात्री, म्हणजे १५च्या पहाटे, संघाची एक भाड्याची गाडी रस्ता सोडून खांबांवर आणि झाडांवर आदळली. संघातला वीस वर्षांचा खेळाडू डेव्हिन विलॉक आणि गाडी चालवणारी, संघाच्या कार्यालयातली चोवीस वर्षांची कर्मचारी, असे दोघे मरण पावले. गाडीचा वेग ताशी सुमारे १०४ मैल होता आणि चालवणारी दारूच्या अमलाखाली होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार शेजारून दुसऱ्या गाडीत तिच्याशी शर्यत लावत होता जेलन कार्टर. क्लबांचे लोक इंडियानापोलिसला कम्बाइनसाठी, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामायिक चाचणीसाठी, जमले असतानाच त्याच्यावर वॉरंट निघालं. आणि विरोधकांनी आवर्जून दाखवावा असा कागद तर त्याच्याही आधीचा आहे. सप्टेंबर २०२२मध्ये ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर ८९च्या वेगाने जाताना पोलिसाने त्याला पकडलं होतं आणि वेग आवरा, तुझ्या सवंगड्यांनाही सांग, अशी समज दिली होती. चार महिन्यांत विलॉक गेला.

याच्यापुढे ‘पोरगं आहे, चुका होतात’ हे वाक्य उभं राहू शकत नाही. ज्यांनी ते एप्रिल २०२३मध्ये वापरलं त्यांनी ईगल्सची बाजू मांडली नाही, नासवली. भर म्हणून मार्चमधल्या प्रो डेला, म्हणजे विद्यापीठातल्या चाचणीच्या दिवशी, कार्टर कम्बाइनपेक्षा नऊ पौंड जास्त वजन घेऊन आला आणि कवायती पुऱ्या न करताच थांबला. ज्या आठवड्यात सगळी लीग तुझ्याकडे डोळे लावून बसली आहे, त्या आठवड्यात धाप लागणं हा दोन मृत्यूंच्या तुलनेत क्षुल्लक पुरावा आहे, पण पुरावा आहेच.

मग एवढं सगळं मान्य करून उरतं काय? पहिली गोष्ट म्हणजे शिक्षा कोणी द्यायची. बेदरकार वाहन चालवणं आणि शर्यत लावणं या दोन किरकोळ वर्गातल्या गुन्ह्यांना कार्टरने आव्हान दिलं नाही. न्यायालयाने बारा महिन्यांची देखरेख, हजार डॉलर दंड आणि ऐंशी तास समाजसेवा अशी शिक्षा दिली. ती मला कमी वाटते. पण ती कमी असेल तर तक्रार जॉर्जियाच्या कायद्याकडे आणि सरकारी वकिलाकडे न्यायची. ती भरपाई फुटबॉल क्लबांनी करावी, ही मागणी विचित्र आहे. अमेरिकेत हा खेळ पोटापाण्यासाठी खेळायचा तर मालक जवळपास एकच आहे, बत्तीस दारांचा. त्या सगळ्या दारांनी एकमताने बंद व्हावं असं म्हणणं म्हणजे न्यायालयाने न दिलेली जन्मठेप खाजगी धंद्याने द्यावी असं म्हणणं. लीगलाच तसं वाटत असेल तर तिने नियम करावा, सर्वांसाठी, उघडपणे. एकेका क्लबाच्या नैतिक उमाळ्यावर ते सोडू नये.

आणि हा नैतिक उमाळा खरोखर होता तरी किती? कार्टर त्या वर्षातला सर्वांत चांगला खेळाडू आहे, असं म्हणणारे स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू पारखणारे, कमी नव्हते. पण पहिल्या आठ क्रमांकांवर त्याचं नाव आलं नाही आणि नवव्यावर आलं. पहिल्या क्रमांकाच्या ब्राइस यंगला चार वर्षांचे जवळपास ३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. नवव्या क्रमांकाच्या कार्टरला सुमारे २ कोटी १८ लाख. पहिल्याऐवजी तिसरा-चौथा धरला तरी कोटीच्या आसपास फरक पडतो. न्यायालयाने हजार डॉलर घेतले, बाजाराने कोटी. पण बाजाराचा हा दंड गेला कुणाकडे? विलॉकच्या आईवडिलांकडे नाही. तो ईगल्सच्या खिशात गेला, सवलतीच्या रूपाने. ज्या क्लबांनी ‘आमची मूल्यं’ म्हणून कार्टरला सोडलं त्यांनी त्याला मैदानाबाहेर ठेवलं नाही. त्याला फक्त स्वस्त केलं, आणि तोही लीगमधल्या सर्वांत तयार संघासाठी. नैतिकतेच्या नावाने केलेल्या कृतीचा एवढाच परिणाम होत असेल तर ती नैतिकता आहे की भावाची घासाघीस? बहुतेक क्लब नकार देत नसतात, घासाघीस करत असतात. तसं उघड म्हटलं तर वाद निदान प्रामाणिक होईल.

आता त्या खिचडीकडे. स्काउटांच्या वह्यांत एकाच रकान्यात काय काय कोंबलं जातं ते पाहा: गांजा, दारू, उशिरा येणं, प्रशिक्षकाला उलट बोलणं, मैदानावरची मारामारी, वेगाने गाडी हाकणं, बाईवर हात उचलणं. यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि पुढे पुन्हा घडण्याची शक्यताही वेगळी. तरी चर्चा सगळ्यांची एकाच सुरात होते. नव्वदच्या दशकातली चार वर्षं या गोंधळाचा उत्तम नमुना आहेत. १९९५मध्ये मायामी विद्यापीठाचा वॉरन सॅप, कार्टरच्याच जागेवर खेळणारा, ड्राफ्टच्या तोंडावर मादक पदार्थांच्या चाचण्यांच्या बातम्यांमुळे घसरला. टॅम्पा बेने त्याला बाराव्या क्रमांकावर उचललं. तो १९९९चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, जानेवारी २००३मध्ये सुपर बोल जिंकला आणि २०१३मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पुढच्याच वर्षी सेंट लुइस रॅम्सने जणू त्यातून धडा घेतला, आणि चुकीचा घेतला. त्यांनी सहाव्या क्रमांकावर लॉरेन्स फिलिप्सला घेतलं. तो चेंडू घेऊन धावणारा, रनिंग बॅक होता, पण त्याच्यावरचा डाग गांजाचा नव्हता. नेब्रास्कात असताना १९९५मध्ये त्याने आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली होती. त्याच्यासाठी जागा करायला रॅम्सने जेरोम बेटिसला पिट्सबर्गला देऊन टाकलं. बेटिस आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. फिलिप्सला रॅम्सने दुसऱ्या मोसमातच काढलं, त्याचे गुन्हे वाढत गेले आणि २०१६मध्ये तो तुरुंगात मेला. मग १९९८ आलं आणि सगळे उलट्या दिशेने पळाले. शाळेतली मारामारी आणि गांजा यांच्यापायी दोन मोठी विद्यापीठं गमावलेल्या रँडी मॉसला एकामागून एक क्लबांनी सोडलं, डॅलसनेही. एकविसाव्या क्रमांकावर मिनेसोटाने त्याला घेतलं. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला डॅलसमध्ये जाऊन त्याने तीन झेल घेतले, १६३ यार्ड आणि तीन टचडाउन. इतका आकसाने खेळलेला सामना मला दुसरा आठवत नाही.

सॅप, फिलिप्स, मॉस या तिघांना एकाच रकान्यात टाकणाऱ्याला तिघांतूनही काही शिकता येत नाही. तो फक्त गेल्या खेपेला भाजलं त्याच्या विरुद्ध बाजूला सरकतो. गांजाचंच घ्या. २०१५मध्ये रँडी ग्रेगरी हा बचावपटू कम्बाइनमधल्या चाचणीत सापडला आणि पहिल्या फेरीतून घसरत साठाव्या क्रमांकावर डॅलसला मिळाला. पुढे त्याच्यावर बंद्यांमागून बंद्या आल्या. २०१७ आणि २०१९ हे दोन मोसम तर अख्खे गेले. ‘स्वभावाचा धोका’ म्हणून त्याचं उदाहरण अजून दिलं जातं. पण २०२०मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला आणि गांजा सापडला म्हणून खेळाडूला बाहेर बसवणंच बंद झालं. नियम बदलला आणि धोक्याचा मोठा भाग हवेत विरला. २०२२मध्ये त्याच ग्रेगरीला डेन्व्हरने पाच वर्षांचा ७ कोटी डॉलरचा करार दिला. मग इतकी वर्षं आपण ज्याला स्वभाव म्हणत होतो तो स्वभाव होता की नियमावलीतलं कलम?

कार्टरचा दोष मात्र त्या जातीचा नाही, हे मी वर मान्य केलंच आहे. वेगाने गाडी चालवणं जीव घेतं आणि त्याला समज मिळाल्यावरही त्याने ते केलं. इथे प्रश्न भविष्याचा होतो. गतवर्तनावरून पुढचं कळतं हे खरं, पण ते जातवार कळतं. व्हॉन्टेझ बर्फिक्ट ॲरिझोना स्टेटमध्ये मैदानावरच्या दांडगाईसाठी कुप्रसिद्ध होता. २०१२मध्ये त्याला सात फेऱ्यांत कोणीच घेतलं नाही. सिनसिनाटीने नंतर फुकटात उचलला, त्याने प्रो बोलही, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंचा सन्मान, गाठलं, आणि पुढे त्याच दांडगाईपायी बंद्या ओढवून घेत शेवटी २०१९मध्ये उरलेल्या अख्ख्या मोसमाला मुकला. मैदानावरचा दांडगा मैदानावरच दांडगा राहिला. त्या न्यायाने कार्टरबद्दल रास्त भीती एकच होती: तो पुन्हा गाडी घेऊन सुटेल. प्रेस्कॉटवर तो थुंकला तेव्हा ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणणाऱ्यांनी हे काही सांगितलं नव्हतं. त्यांची भविष्यवाणी रस्त्याबद्दल होती. घडलं ते मैदानावर, गलिच्छ आणि बालिश. हे दोन्ही एकाच स्वभावाचे आविष्कार आहेत असं म्हणायचं तर मग कोणतीही गोष्ट कशाचाही पुरावा होऊ शकते.

उलट बाजूही आहे. हेन्री रग्ज नावाच्या वेगवान पोराला रेडर्स क्लबने २०२०मध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या नावावर असलं काही नव्हतं. चांगला, शांत मुलगा अशीच ख्याती. नोव्हेंबर २०२१मध्ये लास व्हेगासमध्ये दारू पिऊन ताशी १५६ मैलांनी गाडी हाकताना त्याने एका तरुणीचा जीव घेतला. २०२३च्या ड्राफ्टमध्ये रेडर्स सातवे होते, आणि त्यांनी बचावफळीतलाच, पण दुसरा खेळाडू घेतला. त्या क्लबने कार्टरला नाही म्हटलं तर त्यांना कोणी बोल लावू नये. पण कोरी पाटी हाच निर्धोक खेळाडूचा दाखला, या समजुतीचं रग्जनंतर काय उरतं? धोका ज्याच्या नावावर लिहिला गेला आहे तो दिसतो तरी. ज्याच्या नावावर नाही तो फक्त दिसत नाही.

शरीराच्या धोक्याबद्दल हेच क्लब किती शांतपणे विचार करतात, हे पाहण्यासारखं आहे. १ जानेवारी २०१६ला फिएस्टा बोलमध्ये नोट्र डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला आणि नसेलाही इजा झाली. तो पुन्हा धावेल का याचीच शंका. डॅलसने त्याला चौतिसाव्या क्रमांकावर घेतलं, एक अख्खं वर्ष बसवून ठेवलं, आणि २०१९मध्ये तो प्रो बोलला गेला. लायाटू लाटूला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठात असताना खेळणं सोडावं लागलं होतं. तो दुसऱ्या विद्यापीठातून परत उभा राहिला आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये इंडियानापोलिसने पंधराव्या क्रमांकावर घेतलेला तो पहिला बचावपटू ठरला. इथे कोणी ‘गुडघा चांगला की वाईट’ असं विचारत नाही. किती बिघडलाय, सुधारायला काय लागेल, आमच्याकडे वेळ आहे का, कितव्या फेरीत परवडेल, असे प्रश्न विचारले जातात. स्वभावाचा एमआरआय निघत नाही हे मान्य. पण प्रश्न तरी त्याच रीतीने विचारता येतात की.

परवडण्याचा हिशेब तर २०११पासून साफ बदलला आहे आणि वाद घालणारे अजून त्याआधीच्या काळात राहतात. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा सामूहिक करार आला आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हा वरच्या दहातला एक खेळाडू फसला तर क्लब पाच वर्षं कंबर मोडून बसायचा. आज तसं होत नाही. फसला तर एक संधी वाया जाते, आणि तेही दुखतं; पण संधी ‘सुरक्षित’ खेळाडूवरही वाया जातच असते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टचे निकाल तपासले तेव्हा आढळलं की एखाद्या जागेवर आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवरच्या लगेच पुढच्या निवडीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता साधारण ५२ टक्के असते. नाणेफेकीहून जेमतेम बरी. हा अभ्यास माझ्याविरुद्धही वापरता येतो, कारण त्याचा खरा रोख क्लबांच्या फाजील आत्मविश्वासावर आहे, आणि ‘आम्ही या पोराला सांभाळू’ हाही त्याच आत्मविश्वासाचा एक अवतार. पण मग तो दोन्हीकडे लावा. ‘आम्ही निवडलेला सज्जन पोरगा चालेलच’ यातही तेवढाच फाजीलपणा आहे.

आणि आता घर. मला विचाराल तर सगळ्या वादाचा कणा इथे आहे आणि यावरच सर्वांत कमी बोललं गेलं. मार्च २०२३मध्ये ईगल्सचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे कार्टरच्याच जागेवर खेळणारा, जेव्हॉन हारग्रेव्ह सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता, म्हणजे जागा रिकामी होती. पण शेजारी फ्लेचर कॉक्स होता, ब्रँडन ग्रॅहम होता. दोघेही दशकाहून अधिक काळ त्याच क्लबात, २०१७च्या मोसमातली सुपर बोल जिंकलेले, लॉकर रूममध्ये ज्यांच्यासमोर आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती. जॉर्जियातलेच जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन आदल्या वर्षी आले होते आणि त्याच ड्राफ्टमध्ये तिसाव्या क्रमांकावर नोलन स्मिथ आला. संघ आधीच जिंकणारा असल्यामुळे बावीस वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून प्रत्येक डाव खेळवायची गरज नव्हती. याला जुनं उदाहरणही आहे. टायरन मॅथ्यूला २०१२मध्ये एलएसयू विद्यापीठाने संघातून काढलं, मग गांजाच्या प्रकरणात अटकही झाली. २०१३मध्ये ॲरिझोनाने त्याला तिसऱ्या फेरीत, एकोणसत्तराव्या क्रमांकावर घेतलं, आणि तिथे त्याचा कॉलेजातला थोरल्या भावासारखा सवंगडी पॅट्रिक पीटरसन होता. २०१५मध्ये मॅथ्यू लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंत गणला गेला. पुढे चीफ्सबरोबर सुपर बोलही जिंकला.

याविरुद्धचा मुद्दाही खरा आहे. ज्या वर्तुळात त्या शर्यती लागल्या त्याच वर्तुळातले मित्र आणून बसवणं हा उपाय कसा? अपघातानंतरही जॉर्जियाच्या खेळाडूंना वेगाबद्दल पोलिस पकडतच राहिले, म्हणजे तो एका पोराचा दोष नव्हता, गावाची रीत झाली होती. मला वाटतं, म्हणूनच कॉक्स आणि ग्रॅहम नसते तर ईगल्सचा निर्णय फार डळमळीत झाला असता. नुसते मित्र पुरत नाहीत. घरात कोणीतरी मोठं लागतं. कॉक्स मार्च २०२४मध्ये निवृत्त झाला, ग्रॅहम २०२५च्या सुपर बोलनंतर. २०२५च्या त्या रात्री घर तेच होतं, माणसं ती नव्हती. यातून काही सिद्ध होतं असं म्हणणार नाही, नाहीतर मीही निकालावरून मागे चाललो. पण घर ही एकदा तपासून ठेवून द्यायची गोष्ट नाही, एवढं तरी क्लबाच्या कचेरीत कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं.

शिकागोचं पाहा. नववा क्रमांक त्यांचा होता. त्यांनी तो ईगल्सना दिला, बदल्यात २०२४ची चौथ्या फेरीतली एक निवड घेतली, एक पायरी खाली सरकले आणि डार्नेल राइट हा आक्रमणफळीतला भक्कम पोरगा घेतला. इथे मध्य न्यू जर्सीत, जिथे मराठी मित्रमंडळींत काही ईगल्सचे आहेत आणि काही जायंट्सचे, बेअर्सची टिंगल दोन्हीकडून ऐकली आहे. मला ती अन्यायाची वाटते. आदल्या मोसमात बेअर्सने तीन सामने जिंकले होते आणि चौदा हरले होते. संघ पाडून नव्याने बांधायला काढलेला, जाणते खेळाडू विकून टाकलेले. अशा घरात कार्टर पहिल्याच दिवशी सर्वांत मोठा खेळाडू ठरला असता, आणि सर्वांत मोठ्या खेळाडूला कोण दटावणार? तोच मुलगा, तीच रात्र, तोच क्रमांक. एका क्लबासाठी घेणं शहाणपणाचं, दुसऱ्यासाठी सोडणं. ‘घ्यावा की नाही’ असा प्रश्न क्लबाचं नाव न घेता विचारणारे म्हणूनच कुठेच पोहोचत नाहीत.

एक आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सहनशीलता प्रतिभेच्या प्रमाणात वाटली जाते. जॉर्जियाच्या राखीव फळीतल्या एखाद्या पोराने तेच केलं असतं तर त्याच्या नावावर लाल रेघ ओढून स्काउट पुढच्या पानाकडे वळला असता. ना जाणत्या सवंगड्यांचा विचार, ना रिकाम्या जागेचा. हा अन्याय आहे. पण तो कार्टरला घेतल्यामुळे होत नाही आणि कार्टरला सोडल्याने दूरही होत नाही. त्या अनामिक पोराचीही चौकशी तेवढ्याच कसोशीने व्हावी, अशी मागणी करा. मी सही करतो.

मात्र ईगल्सच्या चाहत्यांनी २०२३चा ‘हो’ कायमचा समजू नये. तेव्हा सवलत होती. कार्टरचा पहिला करार २०२६च्या मोसमापर्यंतचा, त्यापुढे एका वर्षाचा हक्क क्लबाकडे. दुसरा करार मात्र बाजारभावाने करायचा, आणि त्याच्या जागेवरचा बाजारभाव चीफ्सच्या ख्रिस जोन्सने २०२४मध्ये पाच वर्षांचे १५ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलर घेऊन ठरवून ठेवला आहे. वर्षाला तीन कोटींहून जास्त. त्या भावाला कॉक्सही शेजारी नाही आणि पोलिसांच्या कागदांमुळे मिळालेली सूटही नाही. त्यामुळे २०२३चं उत्तर तिथे उतरवून काढता येणार नाही. ईगल्सचा जनरल मॅनेजर हाउई रोझमन आणि त्याच्या कचेरीने खेळाडू, किंमत आणि घर हे तेच तीन हिशेब नव्याने मांडायला हवेत, आणि या खेपेला ‘नाही’ असं उत्तर निघालं तर मला नवल वाटणार नाही.